डावीकडची रिकामी सीट

भर दुपारी रस्त्यावर गाल टेकून आडवा पडलेला माणूस दिसला की आपल्या मनात दोनच गोष्टी येतात. एक तर याने घेतलेली आहे, नाहीतर हा गेला. सुधामामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा या दोन्ही शंका मी पाठोपाठ घेतल्या आणि दोन्ही वेळा तोंडघशी पडलो. गाडी तशीच सोडून मी धावत गेलो, त्यांच्या खांद्याला हात लावला, तर त्यांनी डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं. शेजारी उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीतून एक मुलगी माझ्याकडे बघून हसत होती.

"काका, मागे व्हा," ती म्हणाली. "मामा ऐकताहेत."

मी मागे झालो आणि ती गाडी किंचाळत सुटली. पुढच्या चाकांतून निळसर धूर निघाला, मग थाड थाड थाड असा आवाज झाला, जणू कुणी पत्र्याच्या पेटीवर मुसळ आपटतंय, आणि मुलीने लगेच पाय काढून गाडी हळू केली. मामा उठून बसले. त्यांच्या एका गालाला करडी राख लागलेली होती. ती न पुसताच ते मला म्हणाले, "जमिनीला अगोदर कळतं, शेठ. मग टायरला, मग गाडीला. आन् डायवरला सगळ्यात शेवटी."

माझं द्वारका चौकात टायरचं दुकान आहे. वडिलांपासूनचं. मला माणसांपेक्षा टायर लवकर ओळखता येतात. टायरची आतली कड झिजली असेल तर मालक आळशी, बाहेरची झिजली असेल तर मालक रागीट, असा माझा साधा हिशोब आहे आणि तो फारसा चुकत नाही. मामांचा उजवा गाल डाव्यापेक्षा गुळगुळीत होता. दाढीचे खुंटसुद्धा कमी. इतक्या वेळा तो रस्त्याला टेकला होता. हा माणूस एकाच बाजूने झिजलाय, असं माझ्या मनात आलं, पण पहिल्या भेटीत कुणाला असं सांगत नाहीत.

त्या दिवशी मी दोन मऊ रबराचे टायर पोचवायला एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या अलीकडे गेलो होतो. तिथे कुणीतरी प्लॉट पाडायचे म्हणून सिमेंटचा रुंद, सरळ रस्ता केला आणि मग सगळी योजनाच गुंडाळली. प्लॉट नाहीत, घरं नाहीत, खांब आहेत पण दिवे नाहीत. रस्ता कुठून येत नाही आणि कुठे जातही नाही. शेजारी राखेच्या विटा पाडणारा एक शेड आहे, त्यामुळे रस्त्यावर कायम पिठासारखी धूळ. डाव्या कडेला सिमेंटचे मोठाले पाइप रचून ठेवलेले, तेही तसेच विसरलेले. जमिनीचा मालक मामांच्या ओळखीचा. त्याने दोन्ही टोकांना साखळ्या लावल्या होत्या आणि रविवारपुरता रस्ता मामांना वापरायला दिला होता.

मामा मूळचे फुलशेतीवाले. घरचा झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. तरुणपणी त्यांनी ठेकेदाराकडे फिटर म्हणूनही काम केलं. चालू यंत्राच्या बेअरिंगला लोखंडी सळई लावायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि आत काही बिनसलंय का ते ऐकायचं. कान तिथे तयार झाला. लग्न केलं नाही. मेहुणे लवकर गेले तेव्हा मोठी बहीण, आक्का, पोरांना घेऊन माहेरी आली, आणि तिची पोरं तीच यांची पोरं. पांढऱ्या गाडीतली ऋतुजा त्यांची भाची. कुठल्याशा औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची आणि रविवारी ड्रॅगची गाडी चालवायची. तिच्या तोंडी मामा म्हणून आम्हा सगळ्यांच्या तोंडी मामा. तिच्याही आधी कुणीतरी त्यांना मामा म्हणत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

ड्रॅगमध्ये वळणं नसतात. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, थांबल्या जागेवरून सुटायचं आणि सरळ पट्टा संपताना जो पुढे तो जिंकला. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढची चाकं ओढतात आणि जोरात सुटताना गाडीचं वजन मागे सरकतं. म्हणजे ज्या चाकांनी जमीन धरायची तीच नेमकी हलकी होतात. मामा सायकलचं उदाहरण द्यायचे. मागच्या कॅरिअरवर फुलांची पाटी जास्त भरली की चढावर पुढचं चाक उचलतं, तसंच. चाक घसरतं, पकडतं, परत घसरतं, परत पकडतं. जोडांमधली रबरं पिळली जातात आणि सुटतात, आणि गाडीचं सगळं नाक जागच्या जागी उड्या मारायला लागतं. पोरं त्याला व्हील हॉप म्हणतात. मामा थयथयाट म्हणायचे. थयथयाट सुरू झाल्यावर पाय काढला तर ठीक. हट्टाने दाबून धरला तर चाक फिरवणारा दांडा, एक्सल, तुटतो आणि मग गाडी तिच्या मनाला येईल तिकडे जाते.

रस्त्यावरचे डाग बघूनही ते कळतं. नीट सुटलेली गाडी दोन अखंड काळे पट्टे ओढत जाते. थयथयणारी गाडी धावदोरा घालते.

ऋतुजाच्या गाडीचा धावदोरा घालवायचा, हे मामांनी घेतलेलं व्रत आहे असं मी समजत होतो. मलाही त्यात गोडी लागली आणि टायर पोचवायचं निमित्त संपल्यावरही मी रविवारी तिकडे जायला लागलो. बायको म्हणाली, बरं आहे, लोक देवळात जातात. माझं काम एकच. पलीकडच्या टोकाला उभं राहून कुणी साखळी ओलांडून आत येत नाही ना ते बघायचं आणि रस्ता मोकळा असला की हिरवा रुमाल हलवायचा.

मामांनी एकेक गोष्ट धरली. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती माउंटिंग काढून कडक बसवली. त्याने सगळी गाडी अशी थरथरायला लागली की ऋतुजाच्या डब्याचं झाकण आपोआप उघडायचं. "मामा, माझे दात पडतील," ती म्हणायची. "दात परत बसवता येत्यात," मामा म्हणायचे. मग पुढच्या चाकांच्या जोडांमधले बुश बदलले. मागची सीट काढली, स्टेपनी काढली, मागच्या स्प्रिंगा कडक केल्या म्हणजे सुटताना गाडी मागे बसणार नाही. पुढचे शॉकअप असे निवडले की चाक उसळलं तरी लगेच दाबलं जावं. दोन्ही पुढची चाकं सारखी ओढतील असा डिफरन्शिअल आणला. पुढच्या टायरात हवा कमी, मागच्यात जास्त, यात माझाही थोडा हात होता. प्रत्येक बुश ते अंगठ्याने दाबून बघायचे आणि पुटपुटायचे, "रबराच्या मनात काय हाय ते रबर सांगत नाय." थयथयाट खरंच कमी होत गेला. धावदोऱ्याचे टाके लांब झाले, मग एकमेकांत मिसळले, आणि पाऊस संपता संपता ऋतुजाची गाडी दोन अखंड पट्टे ओढत जायला लागली.

मी पेढे आणले. मामांनी अर्धा पेढा घेतला, राखेचा गाल तसाच, आणि म्हणाले, "अजून उडतीय."

"कुठे उडतेय? हे डाग बघा की."

त्यांनी डाग बघितलेच नाहीत.

तेव्हापासून मला त्यांच्या काही सवयी खुपायला लागल्या. मामा सुटायच्या आधी खराट्याने रस्ता झाडायचे. राखेचा पापुद्रा राहिला तर टायर घसरणार, हे मलाही समजतं. पण गाडी एक आणि मामा पट्टे झाडायचे दोन. उजवा ऋतुजाचा. डावा कुणाचाच नाही. आणि डावा झाडताना ते जास्त वेळ लावायचे, ओणवं होऊन तळहात फिरवून बघायचे. मी एकदा चेष्टेने म्हणालो, "मामा, तिकडे पाहुणे यायचेत का?"

"आले तर घाण दिसायला नको," ते म्हणाले.

दुसरं असं की ते दोन पट्ट्यांच्या मधोमध आडवे व्हायचे, पण तोंड नेहमी मोकळ्या पट्ट्याकडे. आणि ऋतुजाची गाडी पुढे निघून गेली, आवाज विरला, की त्यानंतर त्यांचं अंग एकदा दचकायचं. कुणी शेजारी धाडकन दार आपटावं तसं. मी लांबून बघायचो. एकदा नाही, दर वेळी. वय झालं, नसा कमजोर झाल्या असतील, असं मी स्वतःला सांगायचो. ऊन इतकं स्वच्छ असायचं की त्यात दुसरं काही मनात आणायला लाज वाटावी.

त्यांची आणखी एक खोड होती. कुणाच्याही गाडीत बसताना ते चपला काढायचे, एकमेकींवर दोनदा आपटून राख झटकायचे आणि अनवाणी आत बसून चपला मांडीवर धरायचे. माझ्या गाडीतही. मी म्हणालो, मामा, हा देव्हारा नाही. तर म्हणाले, पायाला कळू द्या ना. एकदा त्यांना घेऊन परत येताना द्वारकेला नेहमीसारखे अडकलो होतो. पुढे ट्रक, मागे रिक्षा, सगळे हॉर्नवर बसलेले. मामांनी एकदम पाय वर घेतले.

"डाव्या चाकापाशी कोण कण्हतंय?"

मी दुसऱ्या दिवशी गाडी वर घेऊन डावं चाक उघडलं, जोड न् जोड हलवून बघितला. काहीच नव्हतं. सगळं नव्यासारखं घट्ट. पुढच्या रविवारी मी त्यांना तसं जरा तोऱ्यातच सांगितलं.

"असंल," मामा म्हणाले. "मग तुमचं नसंल ते."

थंडीत ऋतुजाने बाहेरगावच्या एका धावपट्टीवर खऱ्या शर्यतीत भाग घेतला. आम्ही तिघं गेलो. तिथे झेंडे, स्पीकर, पोरांची ही गर्दी. मला वाटलं मामा इथे चमकतील. मामा एका झाडाखाली बसून शेंगा खात होते. ऋतुजा तिच्या गटात पहिली आली तरी ते उठले नाहीत. घरी येताना मी विचारलं तर म्हणाले, "तिथं शेजारचा पट्टा भरल्याला होता, शेठ. मला काय ऐकू यायचं?"

मग उन्हाळ्यात ते झालं. त्या सगळ्या रस्त्यावर सावली म्हणाल तर फक्त रचलेल्या पाइपांची. मामा तिथे कधी बसायचे नाहीत, उन्हात बसायचे. त्या रविवारी ऋतुजा शेडवर पाणी आणायला गेली होती आणि मला ऊन सोसेना, म्हणून मी जाऊन पाइपांच्या सावलीत टेकलो. "उठा!" मामा असे ओरडले की मी धडपडत उभाच राहिलो. मागे वळून बघितलं तर खालच्या पाइपाची कड फुटलेली होती आणि फुटलेल्या जागी पांढऱ्या रंगाचा ओरखडा होता. गाडीचा रंग.

ऋतुजाला मोठा भाऊ होता आणि तो अपघातात गेला, एवढं मला ठाऊक होतं. कुठे, कसा, हे मी विचारलं नव्हतं.

"सागर," मामा म्हणाले. "माझा भाचा. हिथंच."

मग उन्हात बसून त्यांनी सांगितलं. गाडी सागरची होती, अशीच पांढरी. वेड त्याचंच, मामांना त्यानेच ओढलं. आता गाडी सुधारायची तर कुणीतरी डावीकडच्या सीटवर बसून तिचं दुखणं अंगावर घ्यावं लागतं. पण आक्काची सक्त ताकीद. मामा-भाच्याने एका नावेत बसू नये, वीज कडाडत असताना एका छपराखाली उभं राहू नये, हे आपल्याकडे म्हणतातच. आक्काने त्यात गाडी घातली. एकुलता एक भाऊ आणि एकुलता एक मुलगा, दोघं एकदम नकोत. पोरगा दर रविवारी मागे लागायचा, "बस रे मामा, आईला नाय सांगत." मामा बसले नाहीत. आत बसता येत नाही म्हणून त्यांनी बाहेर जमिनीला कान लावला. आडवं पडायची सवय तिथली.

"त्या दिवशी थयथयाट सुरू झाला आन् मला पहिल्या टप्प्यालाच कळलं की एक्सल जातोय. मी वरडलो, सोड! सोड! काचा बंद, इंजनाचा आवाज. त्याला काय ऐकू येतंय? मी शेजारी असतो तर त्याची मांडी धरून पाय वर वढला असता." त्यांनी स्वतःचीच मांडी धरून दाखवली. "आक्काला वाटतं तिच्या बोलण्यापायी मी बसलो नाय. मला वाटतं मी ऐकायलाच नको होतं. त्या दिवसापासून आम्ही दोघं एका ताटावर बसतो आन् त्याच्यावर एक शब्द बोलत नाय."

सागरच्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स शाबूत राहिले. मामांनी ते तसल्याच दुसऱ्या पांढऱ्या गाडीत बसवले. ऋतुजाची गाडी ती. आणि ती पहिल्यांदा या रस्त्यावर सुटली तेव्हा जमिनीला लावलेल्या कानाला दोन गाड्या ऐकू आल्या.

माझ्या अंगावर भर उन्हात काटा आला होता आणि तो त्यांना दिसू नये म्हणून मी बाह्या खाली केल्या.

"डाव्या पट्ट्यात सुटती," मामा म्हणाले. "थयथयती. एक्सल तुटतो. मग पाइपावर आवाज येतो. दर रविवारी मरतो पोरगा, शेठ. दर रविवारी."

"मग थांबवा की हे. गाडी विका."

"थांबवलं तर तो तिथंच राह्यला. पाइपाच्या अलीकडं." ते शांतपणे म्हणाले, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. "मी हिच्या गाडीला जे करतो ते त्याला लागू पडतं. कडक माउंटिंग घातलं, त्याची चार हात फुडं गेली. बुश बदलले, आणखी फुडं. हिची कवाच बरी झाली. त्याची नाय."

हे ऐकून कुणीही म्हणेल, म्हातारा दुःखाने भ्रमिष्ट झाला. मीही तसंच म्हणालो, मनात. पाणी घेऊन आलेल्या ऋतुजाला मी बाजूला घेतलं आणि विचारलं, तुला हे माहीत आहे का. ती थोडा वेळ टायरवर पाणी ओतत राहिली.

"माझ्या गाडीला डावा आरसा नाही, बघितलंत ना?"

"वजन कमी करायला काढला म्हणालीस."

"आरशाचं काय वजन असतं, काका?" ती म्हणाली. "मला मामासारखं ऐकू नाही येत. पण सुटताना डावीकडे कुणीतरी असतं. मी बघत नाही. मी चालवतेय तोवर मामाला काम करता येईल, म्हणून चालवते."

त्यानंतर मी जाणं थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. उलट मीही सोमवारपासून रविवारची वाट बघायला लागलो. आता मलाही तो पोरगा पाइपांच्या पुढे जायला हवा होता. त्याचं तोंडसुद्धा मी कधी बघितलेलं नव्हतं.

पण गाडी अडली. मामांनी उरलंसुरलं सगळं करून बघितलं आणि मोकळ्या पट्ट्यातला थयथयाट कमी होईना. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं की डावं पुढचं चाक हलकं पडतंय. चालवणारा उजवीकडे बसतो. डावी बाजू रिकामी. त्यांनी शेतातल्या मातीचं पोतं भरून ऋतुजाच्या डाव्या सीटवर पट्ट्याने बांधलं. ऋतुजाची गाडी आणखी छान सुटली, लोण्यातून सुरी जावी तशी. मामा जमिनीवरून उठले आणि डोकं हलवलं.

"लोखंड तिकडं जातंय, पोतं जात नाय," ते म्हणाले. "त्या सीटवर माणूसच पायजे."

आणि मग माझ्याकडे बघून हसले. मामा एरवी फार हसायचे नाहीत. मला ते हसू आवडलं नाही.

तो शेवटचा रविवार अगदी साधा होता, हेच मला राहून राहून आठवतं. सकाळी मामांनी शेवंतीच्या पाट्या बाजारात पोचवल्या, आक्काने बांधून दिलेल्या भाकरीतली अर्धी मला दिली, आणि दोन्ही पट्टे झाडले. ऊन वर आलं होतं. शेडचं यंत्र बंद होतं. मी माझ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. एवढं अंतर की मामा तिथून बोटाएवढे दिसायचे, आणि तापलेल्या सिमेंटवरून वाफ निघावी तसे हलायचे. मी रुमाल हलवला.

एरवी मामा आडवे व्हायचे. त्या दिवशी झाले नाहीत. ते मोकळ्या पट्ट्यात गेले, जिथे गाडीचं डावं दार यावं तिथे उभे राहिले. त्यांनी चपला काढल्या आणि एकमेकींवर आपटल्या. दोनदा. आवाज माझ्यापर्यंत येणं शक्य नव्हतं. मग बुटक्या गाडीत शिरताना माणूस मान वाकवतो तशी मान वाकवली.

तेवढ्यात ऋतुजा सुटली आणि मी तिच्याकडे बघितलं. कुणीही बघेल. गाडी तुमच्या दिशेने सुटलेली असताना तुम्ही दुसरीकडे बघत नाही. ती माझ्या पुढे जाऊन थांबली. इंजिन बंद झालं. मी वळलो तर सुरुवातीच्या रेषेपाशी कुणी नव्हतं.

मामा माझ्यामागे उभे होते. डाव्या पट्ट्यात, माझ्यापासून चार पावलांवर, पाइपांच्या कितीतरी पुढे. अनवाणी. चपला हातात. केस मागे उडालेले, डोळ्यांतून पाणी, काच खाली करून जोरात गाडीतून आल्यावर येतं तसं. त्यांना धाप लागलेली नव्हती. एवढं अंतर पळत यायला मला धाप लागली असती आणि त्यांनी साठी ओलांडली होती.

मी टायरवाला माणूस. डाव्या पट्ट्यात खाली काही उमटलंय का हे बघणं माझं कामच होतं. मी बघितलं नाही. अजूनही त्या रस्त्यावर गेलेलो नाही, आणि तुम्ही मला भित्रा म्हणालात तर मी वाद घालणार नाही.

"पाइप मागं गेले ना, शेठ?" मामांनी विचारलं.

"गेले," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार?

ऋतुजा गाडीत तशीच बसलेली होती, दोन्ही हात स्टीअरिंगवर. मी खिडकीशी गेलो. ती रडत होती आणि तिचा चेहरा हसरा होता. "मी आज डावीकडे बघितलं, काका," एवढंच ती म्हणाली. मी पुढे विचारलं नाही.

घरी मी दोघांनाही माझ्या गाडीतून नेलं. मामा नेहमीसारखे माझ्या डावीकडे, चपला मांडीवर. त्या दुपारी जेवून ते पडवीत आडवे झाले ते परत उठले नाहीत. डॉक्टर हृदय म्हणाले. लोक ऊन म्हणाले. पण ते मला फोनवर कळलं. माझ्या डोळ्यांनी मी मामांना शेवटचं बघितलं ते त्याच्या आधी, घराच्या दारात.

आक्का उंबऱ्यात उभी होती. हडकुळी, पांढऱ्या केसांची, रविवारी हे लोक परत येईपर्यंत अन्नाला न शिवणारी बाई. मामा गाडीतून उतरून अनवाणीच चालत गेले, चपला हातात तशाच. आक्काने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. तिने चपलांकडे बघितलं. त्या कधी हातात असतात ते तिला ठाऊक होतं. एरवी माझ्या गाडीतून उतरल्यावर ते त्या लगेच पायात घालायचे; आज त्या दुसऱ्याच गाडीतून उतरल्यासारख्या हातातच होत्या.

"बसलास?" तिने विचारलं.

"बसलो, आक्का."

मला वाटलं आता ती कोसळणार, नाहीतर त्यांच्या थोबाडीत मारणार. ऋतुजा माझ्या मागे उभी होती. पण आक्काने लहान पोराला विचारावं तशा बारीक आवाजात विचारलं, "काय म्हणला रे?"

मामांनी मान खाली घातली. चोरी पकडलेल्या पोरासारखे ते पायाच्या अंगठ्याने ओटीची माती उकरत राहिले.

"म्हणला, आईला सांगू नको."

आक्काने पदर तोंडाला लावला. ती रडतेय असं मला आधी वाटलं. ती हसत होती, खांदे हलवून हसत होती. ऋतुजा मला नंतर म्हणाली की सागर गेल्यापासून आईला हसताना तिने पहिल्यांदा पाहिलं. मग आक्काने हात पुढे करून धाकट्या भावाच्या हातातल्या चपला घेतल्या, उंबऱ्याच्या आत नेऊन नीट जोडीने ठेवल्या, आणि त्याला म्हणाली, "ये आत. भाकरी गरम हाय."